एका शिंप्याची शंका

आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत काउंटरवर मी बसते. टपाल, तक्रारी, हरवल्या-सापडल्याच्या जाहिराती, सगळं आधी माझ्यासमोरून जातं आणि मग वरच्या मजल्यावर. त्यामुळे वहिनीच्या सदराला कुणाचंही पत्र येत नाही, हे फक्त मला आणि तिलाच ठाऊक होतं.

वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या दादाची बायको. वर बसून मुद्रितं तपासते आणि दर बुधवारी इंग्रजीच्या शंकांचं सदर लिहिते. 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' का नको, 'सिन्स' कुठे आणि 'फॉर' कुठे, 'रिटर्न' म्हटल्यावर वर आणखी 'बॅक' कशाला, असलं सगळं. सुरुवातीला एक पत्र आलं होतं. ते एका निवृत्त गृहस्थांचं होतं आणि या सदराची काही गरज नाही, एवढंच त्यात होतं.

मग वहिनी स्वतःच प्रश्न लिहायला लागली. कधी 'काळजीत पडलेली आई', कधी 'लिफ्टमन', आणि सगळ्यांत लाडका 'एक शिंपी'. हा शिंपी तिने असा रंगवला होता की मलाही वाटायचं, याच्याकडे बाह्या आखूड करायला टाकाव्यात. पँट एक, मग इंग्रजीत तिची 'पेअर' का? बिलावर तसं लिहिलं की गिऱ्हाईक भांडतं, मी एकच शिवायला टाकली होती. वहिनी त्याला समजवायची, पाय दोन म्हणून जोडी, तुमच्या कात्रीचंही तेच आणि चष्म्याचंही. पुढच्या बुधवारी पठ्ठ्या पुन्हा हजर. मग शर्टाला बाह्या दोन, त्याची जोडी का नाही? यावर वहिनीने सरळ छापलं की मला माहीत नाही. स्वतःच्याच प्रश्नाला निरुत्तर होणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

तर मालकांना त्या जागी गाद्यांची जाहिरात हवी होती. "हे सदर वाचतं कोण?" असं त्यांनी संपादकांना विचारलं. संपादक वहिनीच्या बाजूचे, पण भला माणूस घोळ घालतो तेव्हा मनापासून घालतो. त्यांनी कुणालाही न विचारता चौकट छापली. आम्हाला नेहमी शंका विचारणाऱ्या शिंपीदादांनी शनिवारी सकाळी कचेरीत यावं, मालकांच्या हस्ते त्यांना डिक्शनरी भेट मिळेल.

ती चौकट वाचून वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. खोटे वाचक छापले हे उघड झालं असतं, तर सदर राहू द्या, नोकरीही गेली असती.

"शनिवारी मी होतो शिंपी," दादा जेवताना म्हणाला.

"तुला बटण लावता येतं का?" मी विचारलं.

"शिंप्याची बायको लावत असेल."

वहिनी हसली नाही. "मी खरं काय ते सांगून टाकते," ती म्हणाली. "दुसऱ्याने उघडं पाडण्यापेक्षा ते बरं." आणि शनिवारी निघताना तिने मोठी पिशवी घेतली, टेबलाचा खण रिकामा करायला. ती पिशवी पाहून मला रडू आलं.

कचेरी उघडून थोडा वेळ झाला असेल. गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून एक म्हातारे गृहस्थ काउंटरपाशी आले. "ताई, तो शिंपी मीच."

डिक्शनरी फुकट मिळतेय म्हटल्यावर हे आले, असं माझ्या मनात आलं. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "तुम्ही पाठवलेत ते प्रश्न?"

"मी नाही. लेकीने पाठवले असणार. पँटच्या जोडीवरून मी घरात इतकं डोकं खाल्लंय तिचं."

मी त्यांना बाकावर बसवलं. तेवढ्यात एक बाई आल्या, बोटात शिवणाचं अंगुस्तान, घाईघाईत. "छापताना शिंपी छापलंय, पण ती मी. नवऱ्याने परस्पर लिहून कळवलं वाटतं. बिलावरून भांडण माझ्याच दुकानात झालं होतं." पाठोपाठ तिसरे आले. त्यांना खात्री होती की धाकट्या भावाचंच हे काम. तिघंही बाकावर बसून एकमेकांकडे संशयाने बघू लागले. मग म्हाताऱ्यांनी विचारलं, "शर्टाच्या बाह्यांचं तुम्हालाही पडलं होतं का?" आणि तिथून त्यांची जी गट्टी जमली ती जमलीच.

मालक आले, मागून संपादक एकुलती एक डिक्शनरी घेऊन. समोर शिंपी तीन. "यातला खरा कोण?" मालक म्हणाले.

वहिनी जिन्यावरून उतरली, हातात भरलेली पिशवी. "साहेब, खरं कुणीच नाही," ती म्हणाली. "प्रश्न मीच लिहीत होते. कुणी पाठवतच नव्हतं."

संपादक मटकन खुर्चीत बसले. माझं धाबं दणाणलं. मालकांचा चेहरा असा झाला की पुढचं ऐकायलाच नको.

म्हातारे शिंपी उठले. "म्हणजे लेकीने नाही लिहिलं?" त्यांना क्षणभर वाईट वाटलेलं दिसलं. मग ते वहिनीला म्हणाले, "पण बाई, प्रश्न तर आमचाच होता. मी कधी पाठवला नसता. विचारलं की लोकांना कळतं, याला येत नाही. झाकली मूठ बरी. तुमचा तो शिंपी विचारायचा आणि माझं काम व्हायचं."

"माझंही," बाई म्हणाल्या. तिसऱ्यांनी नुसती मान हलवली.

मालक एकेकाकडे बघत बाकापर्यंत गेले. मग संपादकांना म्हणाले, "गाद्या खाली घ्या. सदर वर राहू दे." आणि वहिनीला म्हणाले, "यापुढे मनाचं काही छापायचं नाही." जाता जाता तिच्याजवळ थांबून हळूच पुटपुटले, "ते फोनवर 'मायसेल्फ' म्हणून आपलं नाव सांगतात, ते चूक का?"

"हो साहेब."

"बरं," म्हणाले आणि खाली मान घालून गेले.

माझा जीव भांड्यात पडला. वहिनी बाकावरच बसली आणि आधी हसली, मग रडली, मग म्हाताऱ्यांनी तिला पाणी दिलं. पिशवी मी वर नेऊन खणात पुन्हा रिकामी केली. डिक्शनरी एकाला कशी द्यायची, म्हणून तिघांच्या संमतीने ती माझ्या काउंटरवर ठेवली. कुणीही यावं, बघावं.

सोमवारी एक जण आला. अंगावर ड्रायव्हरचा गणवेश, हातात गाडीची किल्ली. आधी डिक्शनरी चाळल्यासारखं केलं, मागे कुणी नाही ना ते पाहिलं आणि मग हळूच आपली शंका सांगितली. मी कागदावर उतरवून घेतली. सदराला आलेला पहिला खरा प्रश्न.

"नाव काय घालू?" मी विचारलं.

तो घुटमळला. "एक शिंपी, असंच घाला की."