पंचाचा दुसरा टेक

सुकन्यानं कॅमेरा लावला तसे काकासाहेब फेटा सारखा करू लागले. पाथर्डीकडच्या त्या वस्तीवर जातपंचायतीचे हे मुख्य पंच. चाळीस वर्षं यांचा शब्द म्हणजे कायदा! आणि असल्या पंचायती न्याय कसा करतात याचा विद्यापीठासाठी अभ्यास करायचा, त्यावर माहितीपट काढायचे, हे सुकन्याचं काम. पंधरा वर्षांत नाव कमावलं होतं तिनं. बोलणाऱ्याचं नाव बाहेर जाणार नाही, असा सहीचा कागद ती प्रत्येकाला देई. काकासाहेबांनाही दिला होता.

आपण मालनबाईची मुलगी आहोत, एवढं मात्र तिनं सांगितलं नव्हतं.

मालनबाईनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा याच काकासाहेबांनी ती मेली म्हणून जाहीर केलं आणि धडधाकट बाईच्या नावानं तेराव्याच्या पंगती उठवल्या. वर बुंदी वाढली होती म्हणे, मेल्यांनी!

"काका, अलीकडचा एखादा निकाल सांगा ना," सुकन्या गोड आवाजात म्हणाली.

"गेल्या सालचंच घ्या की, मॅडम. एक म्हातारी वारली. तिची लेक आली तोंड बघायला. म्या येशीवरच आडवली. म्हनलं, मेलेलं मानूस मयताला येत न्हाई."

सुकन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी आजीचं तोंडही न बघता संगमनेरला घरी परत आलेली तिची आई चार दिवस अन्नाला शिवली नव्हती. जुन्या तेराव्याच्या वेळी वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदाच नव्हता, आता होता. फक्त साक्ष द्यायला वस्तीवर कुणाची छाती नव्हती.

"आवाज नीट आला नाही, काका. परत सांगता? जरा सविस्तर."

अहो, गडी असा खुलला! तारीख सांगितली, सोबतच्या दोन पंचांची नावं सांगितली, मालनबाईचंही नाव घेतलं. वर मिशीला पीळ देत विचारलं, "आता बरं आलं का?"

"झकास. मी मालनबाईची सुकन्या."

म्हातारा पांढराफटक पडला. "कागद दिलायस तू! सही हाय तुजी!"

"आहे की," ती म्हणाली आणि कॅमेरा उचलून थेट पोलीस ठाण्यात गेली.

हा शब्द मोडला की पुन्हा कुठल्याही वस्तीवर तिच्यापुढं कुणी तोंड उघडणार नव्हतं, विद्यापीठ दारात उभं करणार नव्हतं. सगळं ठाऊक होतं तिला. तरी गुन्हा नोंदवून बाहेर आल्यावर तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, लई बरं वाटलं!

तिनं आईला फोन लावला. घडलेलं सगळं सांगितलं, आपलं काम आता संपलं हेही सांगितलं. 'पोरी, तुझं कसं व्हायचं गं?' एवढं तरी आई विचारील म्हणून ती थांबली.

"आन् ते दुसरे दोघं?" मालनबाईनं विचारलं.

"त्यांचीही नावं लिहून घेतली."

"मंग झालं," मालनबाई म्हणाली. "तुजं गेलं तर जाऊंदे."