धाकटीच्या देखत

फ्रिजच्या दारावर चौदा चित्रं होती. चौदाही धाकटीची. गेल्या भेटीत बारा होती आणि त्यांतली पाच थोरलीची होती, हे ताईंच्या पक्कं लक्षात होतं. पाण्याच्या टाकीवर बसलेला बगळा तर त्यांनी मुद्दाम चष्मा लावून पाहिला होता.

“थोरलीची चित्रं कुठं गेली?”

“तिनेच काढून टाकली.” आई ओटा पुसत होती. पुसून झालेली जागा ती पुन्हा पुसत होती. “चित्रांचं राहू द्या, ताई. आमचं ठरलंय. उद्या तुमच्या कार्यालयातल्या बैठकीत आम्ही नाही म्हणून सांगणार आहोत. धाकटीसाठी दुसरं घर बघा.”

दुसऱ्यांची मुलं काही काळ सांभाळायला घेणाऱ्या कुटुंबांना भेटी देणं, त्यांच्या अडचणी ऐकणं, हे ताईंचं कित्येक वर्षांचं काम. धाकटी चार वर्षांची. या घरी येऊन तिला दहा महिने झाले होते आणि हे तिचं तिसरं घर होतं. ताईंनी एकदा एका मुलाला त्याच्या सहाव्या घरी पोचवलं होतं. तिथे त्याने पिशवीतून कपडे बाहेर काढलेच नाहीत. “राहू देत, पुन्हा भरावे लागतात,” एवढंच म्हणाला होता.

“शनिवारचं सांगितलंस का त्यांना?” बाबांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं.

“सांगते ना.” आईचा आवाज खाली आला. “थोरलीने हिला गॅलरीत ठेवून बाहेरून... म्हणजे आतून कडी लावली. शेजारच्या काकूंनी बघितलं म्हणून कळलं, नाहीतर आम्हाला पत्ताच नाही. अकरा वर्षांची घोडी, काही कळत नाही का तिला? विचारलं तर तोंडातून शब्द काढत नाही. उद्या जिन्यावरून ढकललं तर? मी दोघींच्या मध्ये किती वेळ उभी राहू?”

“थोरली कुठाय?”

“असेल गॅलरीतच. दोरीवरचे कपडे काढायला सांगितलेत.”

ताईंची एक पद्धत होती. आलेल्या मुलाशी बोलण्याआधी त्या घरच्या मुलाशी बोलत. कार्यालयातले साहेब यावरून टोमणे मारत. “ताई, घरच्या मुलांची फाइल नसते हो आपल्याकडे.” त्यावर ताई म्हणत, “म्हणून तर तोंडी विचारते.” त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरीही अशी मुलं येत-जात असत. तेव्हा भेटीला येणाऱ्या बाई दारात ताईंच्या हातात छत्री देत आणि आत जात.

थोरली दोरीवरून चिमटे काढत होती. ताईंनी मोठी चादर ओढली.

“धर गं एक बाजू. मला एकटीला जमत नाही.”

दोघी चादरीची दोन-दोन टोकं धरून उभ्या राहिल्या.

“तुम्ही मला विचारणार ना, का केलं म्हणून?”

“नाही. कसं केलं ते सांग.”

थोरलीने जरा विचार केला. हा प्रश्न तिला सोपा वाटला असावा. “आधी उशी दिली तिला. मग बिस्किटं दिली, चार. मग कडी लावली.”

“रडली का?”

“छे! तिला वाटलं, घर-घर खेळतोय. आतून हात हलवला तर तिनेही हलवला.”

चादरीची पहिली घडी पडली. टोकं जुळवायला दोघी जवळ आल्या, पुन्हा लांब गेल्या.

“मग तू काय केलंस?”

“आईकडे गेले. सोफ्यावर बसली होती. मी नुसती टेकले तिला, तर ताडकन उठली. ‘धाकटी कुठाय?’ म्हणाली. तेवढ्यात काकूंनी बेल वाजवली.”

थोरलीने चादर झटकली.

“ती समोर असली ना, की आई मला हात लावत नाही. बाबापण नाही. मी नीट बघितलंय. ती झोपली असली तर आई केसांतून हात फिरवते. पण आता ती दुपारची झोपतच नाही. रात्री पण खूप उशिरा झोपते, आणि मला सकाळची शाळा. म्हणून बाहेर ठेवून बघितलं.”

“काय बघितलंस?”

“होतंय का ते.” तिने चादरीची शेवटची घडी घातली. “नाही झालं.”

ताई स्वयंपाकघरात परत आल्या आणि बाबांनाही त्यांनी आत बोलावलं.

“थोरलीला तुम्ही जवळ कधी घेता?”

आईला प्रश्न आवडला नाही. “घेते की. धाकटीच्या देखत नाही घेत, एवढंच. ते आम्ही ठरवूनच केलंय. ही आली त्याच आठवड्यात मी थोरलीचा पापा घेतला, तर ही दारामागे गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हाक मारली तरी वळेना. काळजात कळ आली हो माझ्या. त्याच दिवशी ठरवलं, या पोरीला जे मिळालं नाही, त्याचं तिच्यासमोर प्रदर्शन नको.”

“आणि धाकटीला घेता?”

“तिला तर लागतंच ना, ताई.”

“थोरलीला सांगितलंत, असं का ते?”

“त्यात सांगायचं काय? शहाणी आहे ती. कळतं तिला.”

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा फ्रिजकडे बघत होते. “नाही सांगितलं आपण,” ते म्हणाले. “मला वाटलं, तू सांगितलंस.”

मग ताईंनी गॅलरीतलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. उशी, बिस्किटं, कडी, सोफा. आपलं एक वाक्यही त्यात घातलं नाही. आईच्या हातातलं फडकं ओट्यावर तसंच राहिलं.

“दहा महिने?” आई म्हणाली. “पण ताई, धाकटी पुन्हा तशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली तर?”

“तर राहील. तेव्हा ती नवीन होती. आता काय करेल, ते मलाही ठाऊक नाही. करून बघावं लागेल.”

बाहेरच्या खोलीत धाकटी जमिनीवर पोटावर झोपून पंधराव्या चित्राला हिरवा रंग देत होती. थोरली घड्या घातलेल्या कपड्यांचा ढीग दोन्ही हातांत घेऊन गॅलरीतून आली. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. ढीग घेतला, सोफ्यावर ठेवला आणि तिला जवळ ओढलं.

थोरलीचे हात बाजूलाच राहिले. ती आईच्या खांद्यावरून मागे पाहत होती.

“आई,” ती कुजबुजली, “ती बघतेय.”

“बघू दे.”

हिरवा खडू थांबला होता. धाकटी मान वर करून एकदा आईकडे, एकदा थोरलीकडे पाहत होती. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. धाकटी उठून बसली. दारामागच्या भिंतीकडेही तिने एकदा पाहिलं.

“नंतर मी,” ती म्हणाली आणि पुन्हा पोटावर झोपून रंगवू लागली.

बाबांनी चौकट सोडली. “ताई, उद्या आम्ही चौघं येतो बैठकीला,” ते म्हणाले. “नाही म्हणायला नाही. चालेल ना चौघं आलो तर?”

“चार खुर्च्या मांडायला सांगते.”

आईने जुन्या सवयीने थोरलीच्या माथ्यावर हनुवटी टेकवायला मान उचलली. हनुवटी माथ्यापर्यंत पोचली नाही, कपाळाला लागली. थोरली तीन बोटं वाढली होती.