दोन कुलपांचं दार

"अहो, माझ्या हातात नका देऊ ती!" असं म्हणत तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "सरकारची किल्ली कंपनीने शिवायची नसते. तुमच्याजवळच असू द्या. नवे साहेब निघालेत तिकडून, येतीलच."

मी पुढे केलेला हात मागे घेतला. बाबांची किल्ली पर्समध्ये टाकली आणि जिचा इतकी वर्षं मनातल्या मनात राग राग केला, त्या बाईकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ठेंगणी, अंगाने भरलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पायांत पुरुषी सँडल. हेवा करायला काहीतरी हवं होतं. निदान केस तरी. तेही विरळच होते.

दारूच्या गोदामाला दोन कुलपं असतात. एक सरकारचं, एक कंपनीचं. कर भरल्याशिवाय एकही बाटली बाहेर पडू नये म्हणून सरकारचा माणूस तिथे बसतो, आणि सरकारच्या माणसाने परस्पर काही करू नये म्हणून कंपनीचा. दोघं असल्याशिवाय दार उघडत नाही आणि बंदही होत नाही. बाबा सरकारचे होते, ती कंपनीची. बाबांनी रजा घेतली की गोदाम बंद, हमाल घरी, गाड्या रस्त्यात खोळंबलेल्या. म्हणून बाबा रजा घेत नसत. माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला ते आले नाहीत. आईच्या ऑपरेशनला आले ते ती शुद्धीवर आल्यावर. माझ्या लग्नात पाहुणे जेवत असताना त्यांनी हळूच घड्याळ पाहिलं आणि मागच्या दाराने गेले.

"दोन जीव एका दाराला बांधलेत," आई म्हणायची. "आणि आपल्या नशिबाला मेली कडीसुद्धा नाही."

आमच्या घरात तिला नाव नव्हतं. 'ती' म्हटलं की पुरे. आज निघतानाही आईने बजावलं होतं, "किल्ली दे आणि ये. पाणी विचारलंन तरी पिऊ नकोस."

"पाणी नाही हं विचारणार मी," ती बाकावरची धूळ रुमालाने झटकत म्हणाली. "राग मानू नका. नियम आहे."

"पाण्याचा नियम?"

"कंपनीने सरकारला काही द्यायचं नाही, सरकारकडून घ्यायचं नाही. एकमेकांच्या घरी जायचं नाही. दर वर्षी लिहून द्यायचं, की आमचा आपसात कसलाही संबंध नाही. तुमचे वडील त्यांच्या थर्मासमधला चहा प्यायचे, मी माझ्यातला. त्यांचा एखाद्या दिवशी लवकर संपला तर मी माझाही ओतून टाकायची. समोर बसून एकटीने काय ढोसायचा?" ती बाकाच्या एका टोकाला बसली, मला दुसऱ्या टोकाकडे हात केला. "बसा ना. सरकार तिथेच बसायचे."

"सरकार?"

"मी त्यांना सरकार म्हणायची, ते मला कंपनी. 'काय कंपनी, आज तोंड का सुजलंय?' 'सरकार, तुम्ही आरशात पाहून बोला.' असंच आपलं. दिवसभर करायचं काय दुसरं? एकदा तो फाटकावरचा रखवालदार म्हणाला, तुम्ही दोघं भांडता की काय रोज? तर सरकार म्हणाले, 'भांडण नाही रे, वाटाघाटी चालल्यात.'"

ती हसली. मला हसू आलं नाही. बाबा विनोद करतात ही माहिती मला ते गेल्यावर, परक्या बाईकडून मिळत होती. घरात ते 'बरं' म्हणायचे. 'दिवा मालव' म्हणायचे. संध्याकाळी फाटकातून येताना त्यांच्या चेहऱ्यावर कसल्यातरी हसण्याचा उरलासुरला भाग असायचा. पायपुसण्यावर पाय पुसावेत तसं ते तो दारातच पुसून आत येत. लहानपणी मी खिडकीत उभी राहून तेवढाच पाहून घ्यायची.

नवऱ्याचं घर सोडून मी परत आले, तेव्हा बाबाच दारात उभे होते. म्हणाले, "बॅग वर ठेव. खाली ओल येते." बस. त्यानंतर त्या विषयावर त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मी समोर बसले की हातातला पेपर थोडा अधिक वर धरायला लागले. त्यांना माझी लाज वाटते, हे मी धरून चालले होते. विचारायचा धीर झाला नाही, आणि आता विचारायला माणूस उरला नव्हता. गेल्या काही दिवसांत घरी येणारा जो तो आईचं सांत्वन करत होता, आणि माझ्या मनात हे एकच घोळत होतं.

लांब वळणावर धूळ उडाली. एक ट्रक दिसू लागला.

"एकी," ती म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"काय?"

"काही नाही. सवय. गाडीच्या नंबरातला शेवटचा आकडा. एकी की बेकी. वळणावर गाडी दिसली की बोलायचं. आम्ही लावायचो."

"पैज?"

"पैज म्हणा, नाहीतर सरळ जुगार म्हणा."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. बाबांचं खातं दारूचं, पण पोलिसांबरोबरच्या धाडींत जुगाराचे अड्डेही यायचे. गोदामावर नेमणूक होण्याआधी ते अड्ड्यांवर धाडी घालायला जात. आमच्या घरात पत्त्यांचा जोड नव्हता. एकदा सुट्टीत मी शेजारून मागून आणला, तर त्यांनी मला तसाच परत करायला पाठवलं. म्हणाले, "ज्या हातांनी लोकांचे पत्ते जप्त करायचे, त्याच हातांनी घरी पिसू का?" मला जुगाराचं काय होतं? त्यांनी समोर बसून माझं पान काय असेल याचा विचार करावा, एवढंच हवं होतं.

"काय लावायचात?" माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"तीच तर पंचाईत. देणंघेणं तर बंद, साधी पेपरमिंटची गोळीसुद्धा नाही. मग सरकारनीच तोड काढली. जो हरेल त्याने घरची एक गोष्ट सांगायची. खरी. म्हणाले, 'मी नियम पाहिलेत, गोष्टीला मनाई नाही.'"

"मग कोण हरायचं?"

"सरकारच. नशीब म्हणा, नाहीतर..." ती ट्रककडे पाहत राहिली. "कधीकधी गाडी इतकी जवळ आलेली असायची की नंबर मला बिनचष्म्याचा दिसायचा. तरी चुकीचं बोलायचे."

ट्रक फाटकाबाहेर येऊन थांबला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, पाय वर घेतले आणि तोंडावर टॉवेल ओढला.

म्हणजे माझे ताप, माझे निकाल, माझा मोडलेला संसार, सगळं या बाकावर हरलं गेलं होतं. आणि ही बाई ते सगळं जिंकून, सँडल घालून, आरामात बसली होती.

"माझ्याबद्दल सांगायचे?"

"पुष्कळ."

"मी परत आले तेव्हा? काय म्हणाले?"

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला नीट पाहून घेतलं. "म्हणाले होते काहीतरी."

"काय?"

"ते मी जिंकलेलं आहे."

"अहो, वडील होते ते माझे!"

"होतेच ना. त्यांचं कपाट तुमच्याकडे, चपला तुमच्याकडे, फोटो तुमच्याकडे. त्यांची बायको तुमच्याकडे. माझ्याकडे एवढंच आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही यायचं, मागायचं, आणि मी ओंजळीत घालायचं? फुकट?"

मी उठले. किल्ली फाटकावरच्या रखवालदाराकडे टाकून निघून जावं असं वाटलं, पण तीही नियमात बसली नसती. तशीच उभी राहिले. तेवढ्यात वळणावर पुन्हा धूळ उडाली.

"बेकी," मी म्हणाले.

तिने चमकून वर पाहिलं. मग सावरून बसली. "माझी एकी."

गाडी सावकाश येत होती. खड्ड्यापाशी थांबली, पुन्हा निघाली. शाळेतल्या कुठल्याही निकालाची मी इतकी वाट पाहिली नव्हती. शेवटी ती पहिल्या ट्रकमागे येऊन लागली. शेवटचा आकडा सात होता.

"हरलात."

"विचारा काय ते."

तिने चष्मा काढून दोरीवर सोडला. "त्या दिवशी सकाळी... मी दारात उभी होते. हमाल म्हणाले, साहेब रजेवर असतील. म्हटलं, रजा असती तर मला आधी कळलं असतं. मग दुपारी हेड ऑफिसचा फोन... त्रास झाला का त्यांना?"

"तुम्ही घरी का नाही आलात?" मी म्हणाले. "सगळे येऊन गेले."

"किल्ली जमा होईपर्यंत माणूस कागदावर ड्यूटीवरच असतो. कंपनीची बाई ड्यूटीवरच्या सरकारी माणसाच्या घरी गेली, असं कोणी वर कळवलं असतं तर तुमच्या आईची पेन्शन अडकवली असती मेल्यांनी. आले होते मी. रस्त्याच्या पलीकडे उभी होते. तुमचं दार निळं आहे ना?"

"हिरवं."

"लांबून निळं वाटलं."

मी बसले. हरले होते, सांगणं भाग होतं.

"बूट घालत होते. एक घालून झाला होता. दुसऱ्याची नाडी हातात होती. म्हणाले, जरा पंखा वाढव. मी वाढवला, वळले, तर मान भिंतीला टेकलेली. त्रास नाही झाला. कपाळावर आठीसुद्धा नव्हती."

"कामावर यायला निघालेले."

"हो."

तिने मान हलवली, बराच वेळ हलवत राहिली. पंखा वाढव म्हणताना बाबांनी माझं मनगट धरलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. हरणाऱ्याने एकच गोष्ट सांगायची असते.

तिसरी गाडी आली तेव्हा आम्ही दोघी एकदमच बोललो. "एकी." "एकी."

"असं नाही चालत," ती म्हणाली. "बरं, माझी बेकी."

गाडी बरीच अलीकडे आली होती. ऊन थेट नंबरच्या पाटीवर पडलं होतं. शेवटचा आकडा नऊ. तिच्या गळ्यातला चष्मा गळ्यातच होता. मला वाटतं, तिला तो लागत नव्हता.

"जिंकलात," ती म्हणाली.

मग समोरच्या गाडीकडे पाहत, बाबांच्या आवाजाची नक्कल न करता, साध्या सुरात सांगू लागली. "तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. हरले, आणि म्हणाले, 'पोरगी परत आली.' मी म्हटलं, अरेरे, वाईट झालं. तर म्हणाले, 'कंपनी, मला फार बरं वाटलं. किती दिवसांनी गाढ झोप लागली. आता लेकीचा संसार मोडला आणि बाप घोरत पडला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं तिला? तिच्याकडे बघायची चोरी झालीय मला.'"

फाटकाशी हमाल कुणालातरी हाका मारत होते. मी पर्सची चेन उघडली, मिटली, पुन्हा उघडली. घरी मी पेपरच्या मागच्या पानावरच्या जाहिराती वाचत बसले होते, आणि त्या पानाच्या पलीकडचा चेहरा इथे, या बाकावर, असा उघडा होता. तिला हे तेव्हापासून ठाऊक होतं. माझ्या बाबांना बरं वाटल्याचं ऐकून, तिलाही तेव्हापासून बरं वाटत होतं. मला तिचा इतका हेवा वाटला की मी तिच्याकडे बघू शकले नाही.

"हेच सांगितलं होतं?" मी विचारलं. "काही जास्त घातलं नाहीत ना पदरचं?"

"खरीच सांगायची असते," बाई म्हणाल्या. "नाहीतर खेळ कसला?"

जीप आली. नवे साहेब उतरले. वयाने माझ्याएवढेच, घाईत, कानाला फोन. त्यांनी माझी ओळख विचारली, किल्ली घेतली, माझी सही घेतली, "वाईट झालं," म्हणाले. मग आम्ही दाराशी गेलो. बाईंनी आपलं कुलूप काढलं, साहेबांनी त्यांचं. तरी दार उघडलं नाही. दोन्ही फळ्यांच्या जोडावर कागदाची पट्टी डकवलेली होती. संध्याकाळी दार बंद करताना लावतात, म्हणजे मध्ये कोणी उघडलं तर फाटलेली दिसते. पट्टीवर दोन सह्या होत्या. बाबांच्या सहीचा फराटा पार बाईंच्या नावावरून गेला होता.

बाईंनी पट्टीच्या एका कोपऱ्याला बोट ओलं करून लावलं, आणि नखाने कड सोडवू लागल्या.

"मॅडम, फाटली तरी चालते," साहेब म्हणाले. "गाड्या थांबल्यात."

"चालते," बाई म्हणाल्या. त्यांचं नख त्याच गतीने पुढे सरकत होतं.

मी पुढे झाले. बाबांच्या सहीच्या बाजूला जाऊन बोट ओलं केलं, आणि दुसऱ्या टोकाला नख लावलं.