धरायला कुणीतरी

तिसऱ्यांदा बोट भाजलं तेव्हा मी जोरात ओरडलो, "अगं, जरा धर ना इथं!"

आणि मग सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं. घरात धरायला कुणी नव्हतं. गेले आठ महिने नव्हतं.

ज्यानं कधी सोल्डर केलेलं नाही त्याला सांगतो. एका हातात तापलेलं आयर्न, दुसऱ्या हातात वितळवून जोड द्यायची सोल्डरची तार. मग ज्या दोन वायरी जोडायच्या त्या धरायच्या कशानं? दातांनी धरून बघितल्या, नाकाचा शेंडा पोळला. माणसाला दोनच हात देताना देवाच्या डोळ्यांपुढे हे काम नसणार.

समोर टेबलावर घोड्यांचं चक्र होतं. मेरी-गो-राउंड म्हणतात ते, फक्त छोटं, गुडघ्याएवढं. खाली प्लायवूडची गोल बैठक, मध्ये पोकळ नळीचा खांब, वर मोठ्या पत्र्याच्या डब्याचं झाकण, लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेलं. ते छत. छताला सायकलच्या तारांनी टांगलेले बारा घोडे, प्रत्येकाची आयाळ वेगळी. छताच्या कडेला बारा इवले दिवे. बैठकीत एक मोटर, तिनं रबरी पट्ट्यानं खांब फिरवायचा, म्हणजे खांबाबरोबर छत, घोडे, दिवे सगळं फिरणार. बाराव्या घोड्याला डोळा नव्हता. तो रंगवायच्या आधीच आमची ही गेली. तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी संपलं.

ही शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, बिघडलेल्या विजेच्या घंटा दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत टेबल मांडलं आणि हे सुरू केलं. शाळेच्या प्रदर्शनाला द्यायचं, एवढंच मला माहीत. चक्रच का, घोडेच का, लहानपणी कधी बसायला मिळालं होतं का नव्हतं, यातलं मी काही विचारलं नाही. विचारायला वेळ मात्र भरपूर होता.

मी कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होतो. आठचा भोंगा. आठ वाजून एक मिनिटानं कुणी आत आला की त्याच्या कार्डावरच्या वेळेभोवती माझं लाल गोल. लेट मार्क. मग त्याची बायको आजारी असो की सायकल पंक्चर. कामगार पाठीमागं मला 'लाल पेन्सिल' म्हणायचे आणि मला ते आवडायचं. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची मिनिटं मोजली. घरातली कधी मोजली नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

संध्याकाळी मी शब्दकोडं घेऊन बसलो की मागच्या खोलीतून हाक यायची.

"अहो, जरा येता का? धरायला."

"आलो गं, पाच मिनिटांत."

उभे शब्द संपायचे, आडवे संपायचे. मग मी उठून दारात जाऊन उभा राहायचो. ही मान वर न करता म्हणायची, "झालं. बसा तुम्ही."

चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात शाळेच्या मॅडमचा फोन आला. शनिवारी प्रदर्शन मांडायचं होतं. "काका, बाईंचं ते मॉडेल अर्धवट असलं तरी द्या. आमच्याकडे कुणीतरी पूर्ण करेल."

"अर्धवट देणार नाही," मी म्हणालो. "शनिवारी सकाळी या. फिरतं देतो, दिव्यांसकट."

फोन ठेवला, तेव्हा कळलं काय बोलून बसलो. टॉर्चमधले सेल कुठल्या बाजूनं घालायचे हे मी आजवर हिलाच विचारत आलो होतो. पण तिचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार, 'कुणीतरी' ते पूर्ण करणार, हे मला सोसेना. माझ्या हातून यातलं एवढं तरी व्हायला हवं होतं.

आधार होता तिच्या वहीचा. शाळेतली उरलेली वही, खाकी कव्हर, रोजच्या दोन-चार ओळी. 'मोटर फार पळते. पट्टा लावून वेग कमी केला.' 'आज चार दिवे जाळले. मूर्ख मी.' पानं उलटताना मजा वाटत होती. ही मला जितकं बोलली नसेल तितकं वहीशी बोलली होती. आणि मग एका पानावर एवढंच: 'हे येईनात. तिसरा हात केला. आता सारखी हाक मारायला नको.'

खालच्या खणात तो सापडला. प्रयोगशाळेतल्या जुन्या तराजूचं एक जड वजन, त्यावर उभ्या केलेल्या दोन जाड तारा, तारांच्या टोकांना चिमटे. हव्या तशा वाकवायच्या आणि चिमट्यात वायर पकडायची. मी वायर लावून बघितली. जराही हलली नाही.

पानावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. त्या सुमाराला हाका थांबल्या होत्या, ते मला चांगलं आठवत होतं. मला वाटलं होतं, चला, कोडं सोडवताना माणसाला उठवू नये हे हिला एकदाचं कळलं. मी खूश होतो. आता त्या माणसाला धरून फटकवावंसं वाटलं.

मंगळवारी बारा दिव्यांचं जोडकाम संपलं. सेल लावले, बटण दाबलं. मोटर कुरकुरली आणि बारा घोडे निघाले. मी घड्याळ बघत होतो, हाडात मुरलेली सवय. आठ सेकंदांत एक फेरी. दिवे भिंतीवरून फिरत होते. मी एकटाच टाळ्या वाजवायला लागलो. विसाव्या फेरीला चाल मंदावली, तेविसाव्या फेरीला टक् असा आवाज झाला आणि सगळे दिवे गेले.

बैठकीतल्या सेलपासून छतावरच्या दिव्यांपर्यंत नळीतून जाणाऱ्या वायरी फेरीगणिक पिळत गेल्या होत्या आणि शेवटी तुटल्या होत्या. सेल जागच्या जागी आणि दिवे फिरतायत, दुसरं काय होणार? शाळेतल्या पोरींनाही हे आधी कळलं असतं. मी घाईघाईनं वहीचं शेवटचं पान काढलं. तिथं लिहिलं होतं: 'वायरी पिळतात. हे आले की करू.'

'हे' म्हणजे मी. मी येऊन काय दिवे लावणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे गेलो. ही सगळं सामान त्याच्याकडून न्यायची. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि हसला.

"काका, काकूंनी हे केव्हाच सोडवलंय." त्यानं एक इअरफोनची पिन काढली, तिच्या सॉकेटमध्ये खुपसली आणि बोटांनी गरगर फिरवली. "बघा. कितीही फिरवा. पिन फिरते, सॉकेट जागेवर, आणि करंट चालू. पिन खांबाच्या बुडाला, सॉकेट बैठकीत. वायर पिळायचा प्रश्नच नाही. जोडी घेऊन गेल्या होत्या माझ्याकडून. नाही सापडली का?"

"मग बसवली का नाही तिनं?"

"मीपण तेच विचारलं. म्हणाल्या, छत जड आहे. बारा घोड्यांसकट उचलून कुणीतरी सरळ धरायला हवं, तेव्हा कुठे खाली पिन जोडता येईल. घरचे आले की करू."

"मी घरातच होतो," मी म्हणालो.

"हो का?" तो ओशाळला. "मला वाटलं, तुम्ही बाहेरगावी असता."

पिन आणि सॉकेट काडेपेटीत सापडले, तिच्याच खणात, तिसरा हात होता त्या जागेच्या मागे. बुधवार-गुरुवार नव्या वायरी ओढण्यात गेले. तिसरा हात इमानेइतबारे धरून राहायचा. माझी बोटं आता भाजत नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी फक्त पिन राहिली. छत उचलून बघितलं. एका हातानं पेलत होतं, पण लगेच थरथरायचं, आणि पिन जोडायला दोन्ही हात हवेत. तिसरा हात एवढ्या वजनाखाली मान टाकायचा.

वरच्या मजल्यावर निवृत्त कॅशियर राहतात. भला माणूस, जिन्यात भेटला की प्रकृती विचारतो. मी वर जाऊन दार वाजवलं. आतून टीव्हीचा आवाज येत होता.

"जरा येता का खाली? धरायला. पंधरा मिनिटांचं काम आहे."

"हो, हो, का नाही!" ते म्हणाले. "आलोच पाच मिनिटांत. एवढ्या बातम्या संपू द्या."

मी खाली येऊन दार उघडं ठेवलं आणि टेबलाशी बसलो. सहा वाजून दहा मिनिटं. सव्वासहा. जिन्यात पाऊल वाजलं की मी उठायचो, पाऊल पुढं निघून जायचं. साडेसहा. पाच मिनिटं किती असतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार, असं मी समजत होतो. पण मी ती नेहमी फाटकाच्या आतून मोजली होती. बाहेर उभं राहून कधी मोजली नव्हती. कॅशियरांचा मला राग आला नाही. आवाज त्यांचा होता, वाक्य माझं होतं.

पावणेसातला मी उठलो. वर बघितलं तर पंखा. बंद होता. कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली, स्टुलावर चढलो, दोरी पंख्याच्या दांड्यावरून घेतली, एका टोकानं छत दोन बाजूंनी बांधलं आणि दुसरं टोक ओढून टेबलाच्या पायाला अडकवलं. बारा घोडे बैठकीवर चार बोटं अधांतरी लटकले, अगदी सरळ. दोन्ही हात मोकळे. खाली वाकून पिन जोडली, सॉकेटवर धरली, दोरी हळूहळू सैल केली. खट् करून खांब जागेवर बसला. सगळं मिळून बारा मिनिटं लागली.

आणि मग मी दोरी हातात घेऊन तसाच खाली जमिनीवर बसलो.

मला, ज्याला सेल घालता येत नाही त्याला, अर्ध्या तासात पंखा सुचला. जिनं तराजूच्या वजनाचा हात केला तिला सुचला नसेल? रोज त्याच पंख्याखाली तर बसायची ती. पंखा होता, दोरी होती. तिला पंखा नको होता. ती माझ्यासाठी थांबली होती. हाका मारणं सोडलं होतं तिनं, वाट बघणं सोडलं नव्हतं, आणि मी पलीकडच्या खोलीत सात अक्षरी शब्द शोधत होतो. मी रडलो. या वयात रडताना आवाजही धड निघत नाही.

बटण दाबलं. घोडे निघाले, पण उलटे, शेपटीकडून. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. हे वहीत नव्हतं, मलाच कळलं. मग ते नीट पळायला लागले. तेवीस फेऱ्या झाल्या, चोविसावी झाली, पन्नास झाल्या. दिवे चालूच.

दारात कॅशियर उभे होते. "अरे वा! सॉरी हं, त्या बातम्यांनंतर मुलीचा फोन आला. बोला, काय धरायचंय?"

"झालं," मी म्हणालो. "बसा तुम्ही."

तोंडून निघून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. ते बसले. आम्ही दोघं घोडे बघत राहिलो. जाताना ते म्हणाले, "एका घोड्याला डोळा नाही हो."

"असू दे. तेवढं तिचं राहिलेलं काम आहे."

शनिवारी सकाळी मॅडम आल्या. चक्र चालवून बघितलं, डोळ्यांना पदर लावला, मग पाटी लिहायला कागद काढला. "काका, दोघांचीही नावं घालते."

"तिचं एकटीचं घाला."

"अहो, पण शेवटचं तर तुम्हीच केलंत ना?"

"फार उशिरा केलं," मी म्हणालो.

ते खोक्यात घालून फाटकाशी उभ्या गाडीपर्यंत नेताना मात्र एक बाजू मी धरली. शेवटपर्यंत, जराही हलू न देता.

परत येऊन मागच्या खोलीत गेलो. टेबलावर आता फक्त तिसरा हात उरला होता, चिमट्यात काही नाही. त्याच्याशेजारी मी वही उघडली. 'हे आले की करू', त्या ओळीच्या खाली जागा होती. तिथं काल संध्याकाळची वेळ लिहिली, सहा वाजून सत्तावन्न मिनिटं, आणि पुढे लिहिलं, 'आलो'. मग खिशातली लाल पेन्सिल काढली आणि चौतीस वर्षं सगळ्यांना केलं तसं त्या वेळेभोवती गोल केलं.