हात चालू, तोंड चालू

आधीच माफी मागून ठेवतो. माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील आणि शब्दही साधेच असतील. मी फळा आहे. फळ्याला सगळं येतं असं लोकांना वाटतं, पण माझी शाळा लवकर सुटली. माझ्यावर जे लिहिलं जाई ते मला कळायच्या आत पुसलं जाई. मग एक दिवस वर्गात पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मी भंगारवाल्याच्या गाडीवर चढलो. जाताना कोणी निरोप दिला नाही. मीही काही बोललो नाही. स्वभावच बुजरा.

भंगारवाल्याकडून मला एका लाँड्रीवाल्याने उचललं. त्याचं दुकान एका खोलीचं. मधे इस्त्रीचं लांब टेबल, त्याच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्याची बायको. मला समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. कोणाचे कपडे तयार आहेत ते माझ्यावर लिहायचं, एवढंच काम. ‘बेकरीवाले – पांढरे कोट.’ वाचणारा वाचायचा, कपडे घेऊन जायचा. सुखाची नोकरी होती.

मग बातमी आली की इमारत पाडणार, महिनाअखेरीला दुकान रिकामं करायचं. लाँड्रीवाल्याच्या कमरेने आधीच दगा दिलेला. दुसरीकडे त्याला कोण उभं करणार? पण बायकोच्या हातची परीटघडी पाहून एका गिऱ्हाइकाने सांगितलं, की मोठ्या हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या खात्यात जागा आहे. अडचण एकच. तिथल्या मुख्य बाई परदेशातून आलेल्या. त्या दिवसभर फोन करून इंग्रजीत विचारतात, आत्ता काय चाललंय? त्याचं उत्तर देता यायला हवं. नाही आलं तर जागा दुसऱ्या कोणाला.

इथून माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला.

लाँड्रीवाल्याची धाकटी बहीण बालवाडीत शिकवते. ती संध्याकाळी येऊ लागली, येताना खडूंचा डबाच घेऊन. “वहिनी, तुला सगळं इंग्रजी नको,” ती म्हणाली. “चालू वर्तमानकाळ पुरे. जे करशील ते बोलायचं. आणि एक नियम. वाक्य संपेपर्यंत हात थांबवायचा नाही.”

हा नियम ज्याने काढला त्याला एक दिवस फळा करून टांगलं पाहिजे.

वहिनी एरवी घडाघडा बोलणारी बाई. पण इंग्रजी वाक्य जुळवताना तिला असा वेळ लागे की विचारू नका. “आय ॲम...” म्हणून ती इस्त्री कॉलरवर ठेवी, आणि पुढचा शब्द येईपर्यंत तीच कॉलर घासत राही. नियम म्हणजे नियम! एकदा “आय ॲम... आयर्निंग... द...” करता करता खोलीत धूर झाला.

“अगं, जळतोय तो शर्ट!” लाँड्रीवाला ओरडला.

“थांबा हो, माझं वाक्य व्हायचंय!”

“वाक्य होईल, शर्ट नाही व्हायचा परत!”

त्यालाही हळूहळू लागण झाली. चहाचा कप ओठाला लावून तो “आय ॲम ड्रिंकिंग टी” म्हणायला जाई. कपात तोंड घालून कोणाला बोलता येतं? ठसका लागे, अर्धा चहा माझ्यावर. बहीण वैतागे. “दादा, तू शिकू नकोस. तुझ्याच्याने नाही व्हायचं.”

आणि माझे हाल? बहीण रोज त्याच जागी तीच वाक्यं लिही, दाबून, खडू किंचाळेपर्यंत. लाँड्रीवाला पुसे ओल्या फडक्याने. वाचकहो, एक विनंती करतो, फळा ओल्या फडक्याने पुसू नका. पापुद्रे निघतात. पण ऐकतो कोण? दुकानात ओली फडकी पैशाला पासरी.

तरी एक कबूल करायला हवं. वहिनीला जमू लागलं. इस्त्री फिरवत, पाणी शिंपडत, बाह्या दुमडत ती न अडखळता बोलू लागली. बहीण खूश. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, “आता खुर्चीत बस. तिथे टेबलाशी बसवूनच विचारतील. मी हॉटेलवाली बाई. सांग, तू टॉवेलांची घडी घालतेयस, तर फोनवर काय म्हणशील?”

वहिनी बसली. हात मांडीवर. आणि तिची दातखीळ बसली.

“अगं, रोज म्हणतेस ना!”

“रोज हातात काहीतरी असतं, वन्सं. आज हातच रिकामे.”

“म्हणजे हात रिकामे असले की तोंड बंद?”

“तुम्हीच तशी सवय लावलीत!”

“मग इस्त्री घेऊन जा मुलाखतीला,” लाँड्रीवाला म्हणाला.

“जाते ना. तुमची कंबरही घेऊन जाते, दाखवायला!”

बहीण खडूचा डबा तिथेच टाकून गेली. मी भिंतीवर टांगल्याजागी चरफडत होतो. इतके दिवस अंग सोलून घेतलं ते यासाठी?

दुसऱ्या दिवशी दुपार सरता सरता वहिनी परत आली. लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. “काय झालं?”

“बसवलं मला खुर्चीत. त्या बाईंनी विचारलं, आणि काही सुचेचना. त्या घड्याळ बघायला लागल्या. तेवढ्यात मला दिसला त्यांचा कोट, बोळा करून खुर्चीवर टाकलेला. राहवलं नाही हो. उठले, उचलला आणि घडी घालायला लागले. मग काय, आय ॲम फोल्डिंग द कोट, आय ॲम टर्निंग द स्लीव्ह, सगळं धडाधड आलं. घडी संपली तरी वाक्यं उरली होती, म्हणून कोट उलगडून परत घडी घातली.”

“अरे देवा! आणि त्या?”

“आधी हसल्या. मग कोट हातात घेऊन उलटसुलट बघितला. महिनाभर बघू म्हणाल्या. उद्यापासून या.”

“उद्यापासून?” लाँड्रीवाला म्हणाला. त्याने टेबलाच्या पलीकडच्या बाजूकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून ती तिथे उभी राहायची. दुकानाचे उरलेले दिवस त्याला आता एकट्याने काढायचे होते, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं असावं. “बरं झालं,” तो म्हणाला. पण मला तो आवाज रोजचा वाटला नाही.

वहिनीने डब्यातला खडू घेतला. आजवर माझ्यावर तिने एक अक्षर काढलं नव्हतं, लिहायची ती नणंद. तिने सावकाश लिहिलं, ‘आय ॲम गोइंग’. मग खडू डब्यात टाकून, वळून, रिकामे हात पदराला न पुसता तसेच ठेवून, त्याच्याकडे बघत ते मोठ्याने म्हटलं.

“कळलं,” तो म्हणाला. “वाक्य झालं. आता जेवायला चल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर गेली. लाँड्रीवाल्याने दुकान उघडलं, बेकरीवाल्यांचे कोट मोजले, आणि सवयीने ओलं फडकं घेऊन माझ्याकडे आला. मी आयुष्यात आपणहून कधी काही केलं नव्हतं. त्या सकाळी मी खिळा सोडला.

कपड्यांच्या ढिगावर पडलो, लागलं नाही. त्याने मला उचललं, खिळा हलवून पाहिला. खिळा पक्का होता. हातातलं फडकं त्याने वहिनीच्या अक्षरांपर्यंत नेलं आणि तसंच मागे घेतलं. मग त्याने मला उलटं करून भिंतीवर टांगलं आणि माझ्या पाठीच्या कोऱ्या लाकडावर लिहिलं, ‘बेकरीवाले – पांढरे कोट’. त्यावर खडू धड उमटत नव्हता.

थोड्या वेळाने बेकरीवाले आले आणि डोळे बारीक करून बघू लागले. “काय हो, काही दिसत नाही. फळा उलटा लागलाय तुमचा.”

“जवळ येऊन वाचा,” तो म्हणाला. “पुढची बाजू भरलेली आहे.”