मुकादमाच्या मार्फत

काचेच्या दुकानात स्वस्थ न बसणारं माणूस म्हणजे जिवाला घोर. आणि गेला आठवडाभर दुकानातल्या लेकीच्या पायाला भिंगरी लागली होती. पुसलेली काच पुन्हा पुसायची, चौकटीच्या पट्ट्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन उभ्या करायच्या, तरातरा दारापर्यंत जायचं आणि कशाला आलो ते विसरून परत फिरायचं. केर मात्र काच कापायच्या टेबलापर्यंतच काढायची. टेबलाखाली मुकादमाची जागा होती, आणि तिथे अजून त्याचे केस पडलेले होते.

मुकादम म्हणजे घरचा कुत्रा. कुणी आत पाऊल टाकलं की उठायचा, त्याच्याभोवती एक फेरी मारून पाहणी करायचा आणि पसंत पडलं तरच पुन्हा आडवा व्हायचा, म्हणून हे नाव. दुकान बापलेकीचं. दोन वर्षांपूर्वी लेक संसार मोडून परत आली, तेव्हा बाप म्हणाला, "थोडं सोसायला हवं होतंस." जिभेला हाड नसतं, दुसरं काय! लेकीने अबोला धरला. बापही सुंभ जळला तरी पीळ न सोडणारा, त्यानेही धरला. पण एका छपराखाली राहायचं, एका टेबलावर काच कापायची, तर न बोलून भागतंय होय? मग मुकादमाला मध्ये घेतलं.

"मुकादम, मालकांना सांग, जाड काच संपत आलीय."

"मुकादम, तुझ्या ताईला सांग, मला डोळे आहेत."

मुकादम दोघांकडे आळीपाळीने बघायचा आणि शेपटी दोन्ही पक्षांना सारखीच हलवायचा. त्यामुळे त्याच्यावरचा विश्वास कधी उडाला नाही. ती तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा बाप उंबऱ्यात उभा राहून कुत्र्याला विचारत होता, "मुकादम, डॉक्टरला बोलावू का, विचार जरा." आणि ती पांघरुणातून कुत्र्यालाच म्हणाली होती, "नको म्हणावं."

तो गेला त्या दुपारी ती एका घरी खिडकीला काच बसवायला गेली होती. परत आली तर बाप दुकानाच्या दारात उभा. तो नुसता बाजूला झाला. आत टेबलाखाली मुकादम चादरीत गुंडाळलेला होता. मागच्या अंगणात दोघांनी एकच फावडं आळीपाळीने चालवून खड्डा खणला. तेव्हाही कुणी तोंड उघडलं नाही. ती रडलीसुद्धा नाही.

तेव्हापासून एकच प्रश्न तिला बसू देत नव्हता. तो गेला कसा? तडफडला का? दाराकडे बघत होता का, मी येते का म्हणून? हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि त्याच्याशी तिचं बोलणं नव्हतं. चहा ठेवताना प्रश्न ओठांपर्यंत यायचा. ती कप जोरात आपटायची आणि निघून जायची. बापही दहादा उठून जवळ यायचा, घसा खाकरायचा आणि काच कापायची कलम शोधायचं सोंग करायचा. कलम त्याच्या हातातच असायची.

समोरच्या सलूनवाल्याचा मोठा आरसा कधीच तयार होता. लोकलाजेस्तव तो बिचारा आठवडाभर गप्प बसला. आज मात्र त्याने रस्त्यापलीकडून हाक मारली. आरसा एकट्याने हलणारा नव्हता. दोघांनी दोन टोकं धरली. बाप पुढे, उलटा चालत, ती मागे. या कामात मागच्याचे डोळे हेच पुढच्याचे डोळे. खड्डा, दगड, चढ-उतार सगळं मागच्याने ओरडून सांगायचं. एरवी मुकादम बाजूने चालायचा, त्यामुळे सांगायला अडचण नसायची.

रस्ता निमूटपणे पार झाला. सलूनची पायरी आली. बापाची टाच त्या पायरीच्या दिशेने मागे मागे सरकत होती. तिला पायरी दिसत होती. टाच आणखी मागे गेली, आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, "मुकादम! सांग त्यांना, पायरी!"

बाप जागच्या जागी थांबला. आरसा वाचला. दोघांनी एकदमच खाली, आपल्या बाजूच्या रस्त्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"आरसा आणताय की मिरवणूक काढताय?" सलूनवाला आतून ओरडला.

दोघांनी आरसा भिंतीला नीट टेकवला आणि बाप त्याच पायरीवर मटकन बसला. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळलं.

"तुम्ही जवळ होतात ना त्याच्या?" तिने विचारलं. सरळ त्याला.

"होतो," बाप म्हणाला. मग मान हलवली. "होतो पण आणि नव्हतो पण. तो माझ्या पायाशी होता. मी वर आरसा घासत होतो आणि त्याच्याशी बोलत होतो. बराच वेळ बोललो गं. मग खाली बघितलं, तर तो गार पडला होता. केव्हा गेला, मला पत्ताच नाही. गेलेल्या जिवाशी बोलत बसलो होतो मी."

हे सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. एवढ्यासाठीच आठवडाभर तोंड चुकवत होता हा माणूस, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला त्याची फार दया आली.

"तडफडला नाही म्हणजे."

"नाही. पाय माझ्या पायावर होता त्याचा."

"आणि काय बोलत होतात एवढं?"

बापाने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "म्हटलं, मुकादम, तुझं वय झालं. किती निरोप पोचवायला लावायचे तुला! उद्यापासून मीच बोलतो तिच्याशी, तू आराम कर."

"मग बोलला का नाहीत आठवडाभर?"

"कुणाच्या मार्फत बोलणार?"

तिला हसू फुटलं आणि त्यातच रडू फुटलं, आणि मग हसू मागेच राहिलं. ती बापाशेजारी पायरीवर बसली. रस्त्याने माणसं जात होती, सलूनवाला दारात येऊन गुपचूप परत गेला, तिला कशाचीच लाज वाटली नाही. तिने बापाची बाही घट्ट धरली आणि त्याला अजून कुणी सांगितलंच नसावं तसं म्हणाली, "बाबा, आपला मुकादम गेला हो."