पडद्यात न मावलेली आई

"आत्या, जरा हसून बस. फोटो काढतायत," भाची कानाशी कुजबुजली.

"तूच हस. माझे गुडघे बोंबलतायत."

अध्यक्षांचं भाषण मारुतीच्या शेपटासारखं वाढतच चाललं होतं. शहरात पहिल्यांदा हलती चित्रं टिपली गेली, त्याचा हा सोहळा. एका फिरत्या खेळवाल्याने हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात कोंबडीमागे धावणारी एक चिमुरडी पकडली होती. ती चिमुरडी म्हणजे आत्या. म्हणून दरवर्षी तिला आणून पहिल्या रांगेत मांडायचे आणि विचारायचे, "तेव्हा काय वाटलं होतं?" डोंबल वाटलं होतं! चार वर्षांच्या पोरीला काय वाटणार?

तरी ती यायची. कारण कोंबडीच्या मागे, दारात, तिची आई उभी होती. आई त्याच साली गेली. घरात तिचा एक फोटो नाही. वर्षातून एकदा, क्षणभर, ती पडद्यावर पोरीकडे बघून हसायची. आत्या तेवढ्यासाठी सगळी भाषणं गिळायची.

"यंदा चित्र धुऊनपुसून लखलखीत केलंय," अध्यक्ष म्हणाले, "खास नव्या रुंद पडद्यासाठी."

दिवे मालवले. कोंबडीचं पीस न् पीस दिसलं. पोर धावली. मागे दारात आई उभी होती, गळ्यापासून खाली. चित्र तिथेच थांबवून ठेवलं.

आत्याने चित्र दाखवणाऱ्या ऑपरेटरला बोलावून घेतलं. "वरचं कुठे गेलं?"

"आजी, पडदा आडवा झाला ना. वरून-खालून थोडं कापावंच लागतं. महत्त्वाचं सगळं ठेवलंय."

"महत्त्वाचं म्हणजे कोंबडी?"

तो वळून पडद्याकडे बघू लागला.

"मग ते जुनं रीळ लाव."

"नव्या मापात उतरवून घेतानाच त्याचा भुगा झाला, आजी. आता हेच आहे."

आत्याला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. मग रडावंसं वाटलं. तेवढ्यात अध्यक्षांनी माइक पुढे केला. "आजी, स्वतःला इतकं स्पष्ट बघून काय वाटलं?"

तिने माइक बाजूला सारला आणि काठी टेकत थेट पडद्यापाशी गेली. काठी उचलून वरच्या कडेकडे नेली, पण हात पुरेना. मागून आलेल्या भाचीने ती काठी घेतली आणि पडद्याच्या वर, कोऱ्या भिंतीवर टेकवली.

"इथं?"

"अजून थोडी वर," आत्या म्हणाली. "उंच होती ती."